हिरा तिजोरीत, ओळख उघड्यावर

२०१५ च्या अखेरीस हिऱ्यांच्या व्यापारात एक चोरी उघडकीला आली. तिच्यात एकही खडा जागचा हलला नव्हता. हिऱ्यांची प्रतवारी करून प्रमाणपत्र देणाऱ्या जीआयए या अमेरिकी संस्थेने १,०४२ हिऱ्यांचे अहवाल रद्द ठरवले आणि ते खडे फेरतपासणीसाठी परत मागवले. खडे खरे होते. तपासणाऱ्यांनी ते नीट तपासले होते. पण तपासणीनंतर जी प्रत संगणकात नोंदली गेली, ती कुणीतरी मागाहून बदलली होती. संस्थेच्या माहितीसाठ्याचे काम टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे कंत्राटाने होते. त्या कंपनीच्या एका किंवा अधिक माजी कर्मचाऱ्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी वतीने हा फेरफार केल्याचे जीआयएने जाहीर केले. हलका खडा कागदावर भारी झाला होता, आणि गिऱ्हाईक पैसे मोजते ते कागद पाहून.

या बातमीचा अर्थ सुरतेला कुणी समजावून सांगावा लागत नाही. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी आठ-नऊ हिरे याच शहरातल्या घंटीवर, म्हणजे पैलू पाडण्याच्या चाकावर, घासले जातात. वराछा आणि कतारगामच्या कारखान्यांत खडा तयार होतो, महिधरपुऱ्याच्या बाजारात तो कागदाच्या पुडीतून हातोहात फिरतो, जांगडवर, म्हणजे केवळ विश्वासावर, एका पेढीवरून दुसऱ्या पेढीवर जातो. पण हाँगकाँग किंवा न्यूयॉर्कचा व्यापारी ती पुडी उघडून पाहत नाही. तो पडद्यावर प्रमाणपत्राचा नंबर पाहतो, त्यापुढचे वजन, रंग, स्वच्छता वाचतो आणि भाव ठरवतो. तोच नंबर हिऱ्याच्या कमरेच्या बारीक कडेवर, गर्डलवर, लेझरने कोरलेला असतो; दहापट भिंगाशिवाय तो दिसत नाही. रंगाची एक पायरी वर किंवा खाली गेली की त्याच खड्याचा भाव बदलतो. म्हणजे खड्याचे मोल खड्यात जितके आहे, तितकेच त्याच्या नोंदीत आहे.

खडा सांभाळण्याची कला या शहराला चांगली अवगत आहे. १७ डिसेंबर २०२३ ला खजोदला सुरत डायमंड बोर्सचे उद्घाटन झाले. पंधरा मजल्यांच्या नऊ इमारती, साडेचार हजारांवर कार्यालये, सेफ व्हॉल्ट, जागोजागी कॅमेरे. कारखान्यातही रफच्या, म्हणजे कच्च्या हिऱ्यांच्या, प्रत्येक लॉटला, प्रत्येक पॅकेटला नंबर असतो. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना वजन होते, आणि सेंटच्या अंशाएवढी घट आली तरी विचारणा होते. माझे म्हणणे इतकेच आहे, की वजनाच्या बाबतीत जी शिस्त इथे रक्तात मुरली आहे, ती माहितीच्या बाबतीत फार थोड्या ठिकाणी दिसते. आणि जिथे दिसते तिथे ती मालाच्या माहितीपुरती. कारखान्यात काम करणाऱ्या माणसांची माहिती मात्र उघड्या फायलीत पडलेली असते.

माहितीचे नुकसान तीन तऱ्हांनी होते. पहिली तऱ्हा सगळ्यांना माहीत असते: गुपित बाहेर जाणे. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लंडनच्या ग्राफ या जवाहिऱ्याच्या संगणकांत कॉन्टी नावाची टोळी शिरली. श्रीमंत गिऱ्हाइकांची नावे, बिले, पावत्या तिने चोरल्या आणि थोड्या इंटरनेटवर टाकूनही दिल्या. पुढे ग्राफने आपल्या विमा कंपनीवर दावा लावला, तेव्हा खंडणीपोटी ७५ लाख डॉलर बिटकॉइनमध्ये मोजल्याचे बाहेर आले. दुसरी तऱ्हा म्हणजे माहिती जागेवरच राहते, पण बदलते. जीआयएचे प्रकरण या जातीचे. ही तऱ्हा सगळ्यांत उशिरा लक्षात येते, कारण काही गेलेलेच नसते. तिसरी तऱ्हा म्हणजे माहिती जागेवर असते, कुणी बदललेलीही नसते, पण तिला कुलूप लागते. सकाळी संगणक चालू केला तर एकही फाइल उघडत नाही आणि पडद्यावर खंडणीचा मजकूर. ‘आमच्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ असे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त पहिली तऱ्हा असते. त्याची उधारीची खाती उद्या उघडली नाहीत तर कुणाकडून किती येणे आहे, हे त्याला सांगता येईल का?

सुरतेतल्या कारखान्यात मोलाची माहिती कोणती, हे पाहिले तर प्रश्न जास्त स्पष्ट होतो. कच्चा खडा आला की तो स्कॅनरखाली जातो. यंत्र त्याचा आकार मोजते, आतले डाग, भेगा, काळे ठिपके कुठे आहेत याचा त्रिमितीय नकाशा काढते. मग संगणक सुचवतो, की या रफमधून दोन खडे असे काढा किंवा एकच मोठा तसा काढा. प्लॅनिंगवाला त्यात आपला अनुभव घालतो आणि खूण करतो. त्या फाइलमध्ये खड्याचे सगळे भवितव्य असते: किती कॅरेट निघेल, कुठली प्रत येईल, किती पैसे सुटतील. रफच्या लिलावात बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याचा हा हिशेब प्रतिस्पर्ध्याला कळला, तर तो जेमतेम तेवढ्यावर चार पैसे चढवून लॉट घेऊन जातो. इथे चोराला तिजोरी फोडावी लागत नाही. फाइल पेनड्राइव्हवर मावते आणि पेनड्राइव्ह खिशात.

कापडाच्या बाजारातही तेच. रिंग रोडच्या मार्केटमधल्या साडीवाल्याची खरी मालमत्ता गाळ्यात रचलेल्या थप्प्यांत नसते. ती असते डिझाइनमध्ये, पार्ट्यांच्या यादीत आणि कुठल्या पार्टीला कुठला भाव लावला या नोंदीत. एम्ब्रॉयडरीच्या यंत्राला जी फाइल लागते, ती बनवायला कलाकाराचे कितीतरी दिवस जातात. नक्कल व्हायला एक मिनिट पुरते. नवी डिझाइन बाजारात येते न येते तोच दुसऱ्या गाळ्यात तीच वेल हलक्या कापडावर लटकलेली असते, ही तक्रार सुरतेत कुणाकडूनही ऐकायला मिळते. कायद्याचे रक्षण आहे: डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी केली तर दहा वर्षे आणि वाढवून आणखी पाच. पण नोंदणी माल बाजारात आणण्याआधी करावी लागते. आणि नोंदणी करूनही फाइल जॉबवर्कवाल्याला व्हॉट्सअॅपवर पाठवली, त्याने ती आपल्या ऑपरेटरला पाठवली, ऑपरेटरने आपल्या मेहुण्याला, तर कोर्टात काय सिद्ध करायचे?

आता ही माहिती पळवते कोण? सिनेमातला अंधाऱ्या खोलीतला हॅकर असतोच, पण पुष्कळदा वाट उघडणारा हात ओळखीचा असतो. पुण्यात २००५ मध्ये एमफॅसिस कंपनीच्या एमसोर्स या कॉल सेंटरमधल्या काही तरुणांनी सिटीबँकेच्या अमेरिकेतल्या चार खातेदारांचा विश्वास संपादून त्यांचे पासवर्ड मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या बनावट खात्यांत वळवले. त्यांनी कुठलीही भिंत फोडली नव्हती. खातेदाराशी बोलणे हेच त्यांचे काम होते. जीआयएच्या प्रकरणातही माजी कर्मचारी होते, आणि ‘माजी’ या शब्दावर मला थांबावेसे वाटते. माणूस नोकरी सोडून जातो, निरोपाचा पेढा खाल्ला जातो, हिशेब चुकता होतो. पण त्याचे लॉगिन? सुरतेतल्या किती कारखान्यांत ते त्याच संध्याकाळी बंद होते? बहुतेक ठिकाणी लॉगिन मुळात माणसाचे नसतेच. ‘ऑफिस’ किंवा ‘अकाउंट’ नावाचे एकच असते, पासवर्ड पेढीच्या नावापुढे एक-दोन-तीन, आणि तो पाच जणांना ठाऊक. उद्या एखाद्या पॅकेटची नोंद बदललेली आढळली तर कुणी बदलली, हे देवालाच माहीत.

म्हणून सुरुवात तिथून करावी. प्रत्येकाला स्वतःचे लॉगिन. त्याला जेवढे काम तेवढेच दार उघडे. कोण केव्हा आला, त्याने काय पाहिले, काय बदलले, याची नोंद आपोआप, आणि ती नोंद कुणालाही, शेठलासुद्धा, पुसता येणार नाही अशी. विश्वासावर चालणाऱ्या बाजारात अशी नोंद ठेवणे कुणाला अविश्वासाचे वाटेल. पण प्रामाणिक माणसाची सगळ्यात मोठी सोबत ही नोंदच असते. फेरफार झाला आणि पाच जणांचे लॉगिन एक असले, तर संशय पाचही जणांवर येतो, आणि रोजंदारीचा माणूस त्यात सगळ्यांत आधी भरडला जातो.

दुसरी वाट बाहेरून येते, आणि तिचे सगळ्यांत शिकवणारे उदाहरण आपल्या घरचे आहे. ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. बँक १९०६ मध्ये स्थापन झालेली, मराठी सहकाराचा अभिमान. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा एक यंत्रणा मध्ये असते. ती बँकेच्या मूळ खातेवहीला विचारते, ‘या माणसाच्या खात्यात पैसे आहेत का, देऊ का?’ आणि होकार आला तर नोटा बाहेर पडतात. चोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून या यंत्रणेजागी आपली खोटी यंत्रणा बसवली. ती खातेवहीला विचारतच नव्हती. येईल त्या मागणीला होकार देत होती. तिकडे २८ देशांत बनावट कार्डे हातात घेऊन माणसे एटीएमपुढे तयारच होती. काही तासांत सुमारे १२,००० व्यवहारांतून ७८ कोटी रुपये देशाबाहेर निघाले. भारतात, त्यातले काही कोल्हापुरात, आणखी अडीच कोटी. दोन दिवसांनी, १३ तारखेला, बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय स्विफ्ट यंत्रणेतून १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४.४२ कोटी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने या हल्ल्याचा धागा उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले. ती माणसे मात्र भारतात एटीएमपुढे उभी राहिलेली, शेवटच्या पायरीवरची.

या घटनेतली एक गोष्ट कारखानदाराने लक्षात घ्यावी. नोटा शनिवारी निघाल्या, पण चोर शनिवारी आले नव्हते. असा हल्ला करायला आत शिरून बराच काळ गुपचूप बसावे लागते, कुठला धागा कुठे जातो हे शिकावे लागते. पहिला प्रवेश बहुधा एखाद्या साध्या ईमेलमधून होतो, आणि दिवस निवडला जातो तो सुट्टीच्या तोंडचा. सुरतेत दिवाळीनंतर कारखाने जवळजवळ तीन आठवडे बंद असतात. सर्व्हर चालू, माणसे गावी, सौराष्ट्रात किंवा खानदेशात. त्या दिवसांत संगणकांवर लक्ष कुणाचे असते, हा प्रश्न सुट्टीची पाटी लावण्याआधी विचारायला हवा.

तिसरी वाट शेजाऱ्याच्या अंगणातून येते. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. लहान बँकांचे संगणकीय काम ही कंपनी पाहते. एनपीसीआय या राष्ट्रीय देयक महामंडळाने धोका पसरू नये म्हणून तिला देयक यंत्रणेपासून तोडले, आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय व एटीएम व्यवहार थबकले. त्यांत गुजरातच्या जिल्हा सहकारी बँकाही होत्या. त्या बँकांनी स्वतः काहीच चूक केली नव्हती. तुमचे सॉफ्टवेअर बसवणारा, हजेरीचे यंत्र सांभाळणारा, लांबून संगणक ताब्यात घेऊन टॅली दुरुस्त करणारा मुलगा, सीएच्या कार्यालयातला लेखनिक, या सगळ्यांकडे तुमच्या घराची एकेक किल्ली असते. त्यांचे दार कच्चे असेल तर तुमचेही आहे. फुकट मिळालेली, कुलूप तोडलेली सॉफ्टवेअरे हा याच वाटेचा सर्वांत धोक्याचा भाग. ज्याने ते कुलूप तोडले, त्याने सोबत आणखी काय घातले आहे, हे कोण तपासते?

निर्यातदारांना सगळ्यात जास्त झळ लागते ती मात्र साध्या पत्रव्यवहाराच्या फसवणुकीची. चोर कुणातरी एका बाजूच्या ईमेलमध्ये शिरतो आणि नुसता वाचत बसतो. कुणाला किती माल गेला, बिल केव्हा निघणार, शेठ पत्राखाली काय लिहितात, हे तो शिकतो. नेमक्या वेळी परदेशातल्या गिऱ्हाइकाला पत्र जाते: आमच्या बँकेचे ऑडिट चालू आहे, या वेळी रक्कम या नव्या खात्यात भरा. पत्ता हुबेहूब, फक्त एका अक्षराचा फरक. एम च्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी. बिल खरे, आकडा खरा, भाषासुद्धा शेठचीच. गिऱ्हाईक पैसे भरते आणि मग दोन्ही बाजू महिनाभर एकमेकांकडे संशयाने पाहतात. याला यंत्राची गरज नाही. खाते बदलल्याचे पत्र आले, की आधीपासून आपल्याजवळ असलेल्या नंबरवर फोन करायचा, पत्रातल्या नंबरवर नाही. आणि ओळखीचा आवाज ऐकल्याशिवाय पैसे हलवायचे नाहीत. आता आवाजाचीही नक्कल होऊ लागली आहे, तेव्हा फोन आपण लावलेला असणे महत्त्वाचे. ज्या पेढ्यांनी हा एकच नियम भिंतीवर लिहून पाळला, त्यांनी फार मोठा धोका टाळला असे मी म्हणेन.

ओळख चोरणे हा याच्या पुढचा प्रकार, आणि तोही सुरतेच्या मालातच आधी नजरेला येतो. गर्डलवरचा नंबर माहीत असला की त्या हिऱ्याचा अहवाल कुणालाही इंटरनेटवर पाहता येतो. वजन, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतची मापे, सगळे. ही सोय गिऱ्हाइकाच्या खात्रीसाठी आहे. पण लबाड माणूस उलट बाजूने चालतो. तो एका खऱ्या नैसर्गिक हिऱ्याचा नंबर घेतो, प्रयोगशाळेत वाढवलेला खडा त्याच मापांना घासून घेतो आणि त्याच्या गर्डलवर तो नंबर कोरतो. असे खडे तपासणीला येत असल्याचा इशारा जीआयएने २०२१ मध्ये दिला, आणि पुढेही असे नमुने सापडत राहिले. प्रयोगशाळेत हिरे वाढवण्याचा धंदा सुरतेत जोरात असल्याने प्रामाणिक व्यापाऱ्याला याची जास्तच चिंता. तरी दिलासा असा, की खडा खोटे बोलू शकत नाही. मापांत कुठेतरी केसभर फरक निघतो, आतला डाग अहवालात आहे तिथे नसतो, स्फटिक कसा वाढला याच्या खुणा उपकरणाखाली उघड्या पडतात. नंबर चोरला तरी घडण चोरता येत नाही.

माणसाच्या बाबतीत हा दिलासा नाही. त्याचा आधार क्रमांक, पॅन, फोन आणि एक सही एवढे जुळले, की कागदावर तो माणूस तयार होतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो खरा की खोटा हे पाहायला कुणी भिंग घेऊन बसलेले नसते. २०२३ च्या सुरुवातीला गुजरातच्या जीएसटी विभागाने भावनगर जिल्ह्यातल्या पालिताण्याचा प्रकार उघडकीला आणला. सरकारी योजनेचे पैसे मिळतील असे सांगून गरीब माणसांना आधार केंद्रावर नेले जाई आणि त्यांच्या आधारला जोडलेला फोन नंबर बदलला जाई. मग प्रत्येक ओटीपी ठकाच्या खिशात वाजे. त्या आधार-पॅनवर कागदी कंपन्या निघाल्या, जीएसटी नोंदण्या मिळाल्या, माल न हलवता बिले फिरली आणि कराची परतफेड उचलली गेली. ज्याच्या नावावर हे सगळे, त्याला पहिली खबर नोटीस आल्यावर. त्याच वर्षी १६ मेपासून देशभर बोगस नोंदण्यांची शोधमोहीम निघाली, आणि संशयित अर्जदाराने प्रत्यक्ष येऊन बोटांचे ठसे देण्याची पद्धत प्रथम गुजरात आणि पुदुच्चेरीत सुरू झाली.

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत मराठी कानावर पडते ती मुख्यतः नंदुरबार, धुळे, जळगावकडची. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने आलेली ही कुटुंबे प्रोसेस हाउसमध्ये, लूमवर, एम्ब्रॉयडरीच्या यंत्रांवर काम करतात. त्यांच्या मुलांसाठी महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. अशा एका कामगाराच्या आधारची झेरॉक्स कुठे कुठे पडलेली असते, मोजून पाहा. ठेकेदाराकडे, मिलच्या गेटवर, खोलीमालकाकडे भाडेकरू नोंदणीसाठी, सिमकार्डवाल्याकडे, बँकेच्या एजंटाकडे, आणि ज्या झेरॉक्सच्या दुकानात ती काढली तिथल्या संगणकातही. ठेकेदार बदलतो, कागद मागे राहतो. रत्नकलाकाराच्या, म्हणजे हिरे घासणाऱ्या कारागिराच्या, हातातल्या खड्याचे वजन दिवसातून अनेकदा होते. त्याच्या स्वतःच्या कागदांची मोजदाद एकदाही होत नाही. मला हा या साऱ्या विषयातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. कंपनीचा डेटा म्हणून ज्याला आपण म्हणतो, त्यातला मोठा हिस्सा कंपनीचा नसतोच. तो कामगारांचा, गिऱ्हाइकांचा, दलालांचा असतो आणि कंपनीकडे ठेव म्हणून आलेला असतो.

नवा कायदा नेमके हेच धरून चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यापासून दीड वर्षाने लागू होतात. माहिती सांभाळण्याची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. ती फुटल्याचे लपवले तर २०० कोटींपर्यंत. कंत्राटदाराच्या हातून फुटली तरी जबाबदार मूळ कंपनी. आणि काम संपले की माहिती पुसायची. हे शेवटचे कलम मला सगळ्यांत कामाचे वाटते, कारण जे जवळ नाही ते चोरीला जाऊ शकत नाही. पाच वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाच्या पासबुकाचा फोटो कारखान्याच्या संगणकात कशासाठी हवा? भविष्य निर्वाह निधी, कर यांसाठी जे कागद ठेवणे भाग आहे ते वेगळे कुलपात ठेवावेत, बाकीचे काढून टाकावेत.

जुना कायदाही निजलेला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली दुसऱ्याचा पासवर्ड, सही किंवा ओळखीची खूण लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होतो. कंपनीवर हल्ला झाल्याचे लक्षात येताच सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवणे एप्रिल २०२२ च्या आदेशाने बंधनकारक केले आहे. सहा तास लहान पेढीला फार थोडे वाटतात. पण कुणी कुणाला फोन करायचा हे आधी ठरलेले असेल तर पुरतात.

आणि त्या वेळी गोंधळात काय करू नये हेही ठाऊक असावे. संगणक फॉरमॅट करू नये; त्यात चोराचे माग असतात. नेटची तार काढावी, यंत्र तसेच ठेवावे. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी बँक आणि १९३० हा राष्ट्रीय क्रमांक, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात उडत असते आणि पहिल्या तासांतच ती मध्ये अडवता येते. फायलींना कुलूप लागले असेल तर बॅकअप हा एकच खरा आधार. तो संगणकाला कायम जोडलेल्या डिस्कवर असेल तर त्यालाही कुलूप लागलेले असते; म्हणून एक प्रत नेहमी तोडून, दुसऱ्या जागी ठेवावी. आणि तिच्यातून फायली परत येतात का, हे वर्षातून दोन-तीनदा करून पाहावे. न उघडून पाहिलेला बॅकअप ऐन वेळी रिकामा निघाल्याचे प्रसंग या कामातले लोक नेहमी सांगतात.

कामगाराच्या हातीही काही उपाय आहेत, आणि त्यांना पैसे लागत नाहीत. आधारची प्रत द्यायचीच असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारी झाकलेली प्रत आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून काढता येते. २०२२ च्या मेमध्ये त्या संस्थेच्या एका कार्यालयाने अशीच प्रत द्या, असे पत्रक काढले. दोन दिवसांत सरकारने गैरसमज नको म्हणून ते मागे घेतले. सोय मात्र तशीच आहे. बोटांचे ठसे अॅपवरून बंद करून ठेवता येतात आणि लागतील तेव्हा उघडता येतात. दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर आपल्या नावाने किती सिमकार्डे चालू आहेत ते दिसते. आपल्या नावावर कुणी कर्ज काढले आहे का, ते पतमाहिती कंपन्यांच्या अहवालात कळते, आणि सिबिलसारख्या कंपनीला असा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट द्यावाच लागतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकला, की त्या पॅनवर कुठली नोंदणी आहे ती समोर येते. अनोळखी कंपनीचे नाव निघाले तर जीएसटी विभागाकडे आणि पोलिसांत लेखी तक्रार करून पोच घ्यावी. नोटीस येण्याआधीची तारीख असलेली ही पोच पुढे फार उपयोगी पडते.

पण बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाने हे सगळे एकट्याने मोबाइलच्या लहानशा पडद्यावर, इंग्रजीत करावे, अशी अपेक्षा धरणे बरोबर नाही. कारखान्याच्या कार्यालयात संगणक आहे, तो चालवणारा माणूस आहे. पगाराच्या दिवशी कामगार तिथे येतोच. त्याला शेजारी बसवून, त्याच्या संमतीने, त्याच्यासमोर त्याचा पॅन जीएसटीवर आणि फोन संचार साथीवर तपासायला पाच-दहा मिनिटे लागतात. शंभर माणसांच्या कारखान्यात दोन-तीन पगारवारांत सगळ्यांची तपासणी होते. त्याच बैठकीत जुन्या झेरॉक्सचा गठ्ठा काढून ज्याचे कागद त्याला परत द्यावेत, किंवा त्याच्यादेखत फाडावेत.